अकरावं कलम

आमची गाय लाथ मारते, हे मी घोडेगावच्या बाजारात घेणाऱ्याला सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, कागदावर लिहून दिलं. पेंड किती भिजवायची, पाणी कधी दाखवायचं, चाऱ्यात कडवळ आवडतं, मका निवडून टाकते, अशी दहा कलमं. खाली आमचं गाव, देवळाची खूण आणि सही. लाथेचं अकरावं कलम मनात होतं, ते मनातच राहिलं.

देवळाची खूण दिली ती तिथल्या फळ्यामुळे. धर्माने कसं वागावं, खरं कसं बोलावं, अशी जुनी वचनं त्यावर रोज सकाळी लिहायचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, अक्षर बरं म्हणून मीच घेतलं. पोथीतून वचन उतरवतो, खाली सोपा अर्थ लिहितो आणि पारावर बसून लोक वाचतात का ते बघतो. बाजाराला निघालो त्या सकाळचं वचन सत्यावरच होतं. मला त्यात काही खटकलं नाही. वचन गावासाठी होतं, बाजार घोडेगावला.

घेणारा राहात्याकडचा शेतकरी, माझ्याच वयाचा. त्याने रीतीप्रमाणे धार काढून बघितली. तेवढा वेळ मी गाईच्या तोंडाशी उभा राहून तिची गळ्याखालची पोळी खाजवत होतो. पोळी खाजवली की ती डोळे मिटते आणि पाय हलवायचं विसरते. त्याला वाटलं, काय माया आहे या माणसाची. तसं तो बोलूनही दाखवू लागला, तेव्हा मी डोळे पुसले. डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. गाय घरची, बायकोचे गुडघे धरले म्हणून विकायची वेळ आली.

पाचव्या दिवशी तो गावात आला. देवळापाशी थांबून फळा वाचला. दुसऱ्याला दुखवू नये, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मग खिशातला कागद काढून अक्षर ताडून बघितलं आणि पारावर बसलेल्या मला म्हणाला, "म्हंजी तुमीच."

नाही म्हणायला जागा नव्हती. शब्दाच्या शेवटी मी जी शेपटी काढतो, ती दोन्हीकडे होती.

त्याला घरी आणलं. बायकोने चहा ठेवला. तो भांडायला आलेला नव्हता, हेच जास्त अवघड गेलं. गाईने त्याच्या मंडळींच्या मांडीवर लाथ मारली होती, दोनदा बादली लवंडली होती. बाई गोठ्यात जायला भितात, पण गाय परतही नेऊ देत नाहीत. नातीला हाक मारावी तशी तिला हाक मारायला लागल्यात.

"गाय ठिवायची का आनून बांधायची, तेवढं खरं सांगा," तो म्हणाला. "बाजारात तर हललीबी न्हाई."

सांगितलं तर गावभर होणार, आणि उद्या कुठल्या तोंडाने खडू धरायचा? नाही सांगितलं तर संध्याकाळच्या धारेला त्या बाई पुन्हा तिच्या पायाशी बसणार. शेवटी पोळीचं सांगून टाकलं. धार निघेपर्यंत एकाने तोंडाशी उभं राहून खाजवायचं, हात थांबवायचा नाही. तरी नाहीच जमलं तर गाय आणून बांधा, एका शब्दाने विचारणार नाही.

त्याने तो दहा कलमांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"यात ल्हा. मी इसरंन."

मी पेन घेतलं आणि अकरावं कलम लिहिलं: लाथ मारते, धारेला पोळी खाजवावी. सवयीने शेवटी शेपटीही काढली. कपबश्या उचलायला आलेल्या बायकोने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पाहुण्याला म्हणाली, "गाईला एकच खोड हाय भाऊ, कागदात बसली. ह्यांच्या ल्हायच्या म्हनलं तर देवळातला फळा पुरायचा न्हाई."