आमच्या बोलीतला हुकूम

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — लेकीचा अभिमान बाळगतच ती गेली. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. आणि कृपा करून विचारू नका, मला चिडायला वेळ लागत नाही. कर्नल बाईंना उलट प्रश्न करायचे नसतात, अशी सवय लागलीय मला.

निवृत्त होऊन गावी, एडवणला आले तर काय तो मान! शाळेत माझा फोटो लागलाय. पालघरला बायकांचा कुठलाही कार्यक्रम असो, पहिली खुर्ची माझी. परवा एकाने माइकवरून मला तालुक्याची वाघीण म्हटलं. वाघीण! असं काही ऐकलं की उठून निघून जावंसं वाटतं हो — आणि तरी मी जाते. शाल घेते, भाषण ठोकते, चहा पिऊन घरी येते.

आधी लहानूबद्दल सांगते. लहानू मासवणकडच्या एका पाड्यावरचा. घरची जमीन चतकोर, तीही पावसावरची. भात झोडून झालं की आईबाप वीटभट्टीवर जायचे. हा मात्र भरतीला गेला, पळाला, निवडला गेला आणि सैन्यात ड्रायव्हर झाला. मी तेव्हा कॅप्टन होते. बर्फाच्या डोंगरात रसद पोचवणाऱ्या ट्रकांचा ताफा माझ्याकडे होता. हजेरीला त्याने गावाचं नाव सांगितलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. इतक्या लांब, आमच्या तालुक्याचा माणूस! त्या दिवसापासून माझी गाडी त्यानेच चालवायची, असं ठरून गेलं.

हुकूम हिंदीत द्यायचा असतो, गाडीतल्या सगळ्यांना कळेल असा. ते मीच जवानांना शिकवायचे. पण लहानूशी मी आमच्या बोलीत बोलायचे. त्याची डोंगराकडची, माझी समुद्राकडची — तरी आमी, तुमी, हाय, नाय दोघांचं एकच. सुक्या बोंबलांच्या नुसत्या गप्पा मारूनसुद्धा आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. हे खोटं नाही. यातलं एवढं तरी खोटं नाही.

येते, मुद्द्यावर येते.

सकाळची वेळ. खिंडीच्या अलीकडे रस्ता काचेसारखा चकाकत होता. लहानूने गाडी हळू केली. "मॅडम, बरफ हाय. चाकांना साकळ्या लावू या." बरोबरच होतं त्याचं. पण आम्हाला आधीच उशीर झालेला, वर मोठे साहेब वाट बघत उभे, आणि ताफा सांभाळणारी मी तिथली पहिली बाई — उशीर झाला तर काय काय बोलतील ते मला पाठ होतं. "नाय रे, वेळ नाय. चल तू." एवढंच म्हणाले. आमच्या बोलीत. मागे बसलेला वायरलेसवाला जवान हिमाचलचा, त्याला अक्षरही कळलं नाही.

पुढच्याच वळणावर गाडी घसरली आणि डोंगरावर आपटली. मला खरचटलं. लहानूचा खांदा निखळला. त्या जवानाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी बसली. प्रश्न एकच — साखळ्या का लावल्या नव्हत्या? जवानाने खरं तेच सांगितलं. मॅडम आणि ड्रायव्हर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, काय ते ठाऊक नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. आणि माझ्या लक्षात आलं, की माझा हुकूम जगात फक्त दोघांना माहीत आहे. मी म्हणाले, मी त्याला साखळ्या लावायला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही.

झालं. सांगितलं एकदाचं.

लहानू माझ्याकडे बघत होता. राग नव्हता हो त्याच्या चेहऱ्यावर — तो वाट बघत होता. मॅडम पुढे काहीतरी बोलतील, सावरून घेतील. आपल्याकडच्या ना त्या! मी भिंतीकडे बघत बसले. त्याला विचारलं तेव्हा मान खाली घालून "गलती हो गयी साब" म्हणाला. का म्हणाला? मला वाचवायला? घाबरून? मी कधी विचारलंच नाही. त्याला सैन्यातून काढून टाकलं. मी मेजर झाले, पुढे कर्नल झाले, दर बढतीला पेढे वाटले. बायकांना तेव्हा फार कठीण होतं, असं तुम्ही म्हणाल. होतं ना. पण माझ्याबरोबरच्या बाकीच्या बायका कुणाचा बळी न देताच वर चढल्या.

यंदा सव्वीस जानेवारीला कुंभवलीच्या एका कारखान्याने झेंडावंदनाला बोलावलं. फाटकावर वॉचमन — लहानू. केस पिकलेले, गणवेश ढगळ, पण सॅल्यूट अस्सा कडक. आता हा बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार. बोलू दे, असंही क्षणभर वाटलं. आणि लगेच मी आजूबाजूला कोण कोण आहे ते बघून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "त्याचा पाय माज्यामुलं गेला. तुमी साकळ्या लाव बोललेल्या, मीच आयकलं नाय. अजून झोप येत नाय. मला माफी करा."

मी त्याच्या डोळ्यांत टोमणा शोधला. नव्हता. त्याला खरंच तसं आठवतंय. सगळ्यांनी इतकी वर्षं तेच सांगितलं, शेवटी त्यालाही ते पटलं. माझ्या वाटणीचं तो जागत बसतो.

मी तोंड उघडलं होतं. मॅनेजर पुष्पगुच्छ घेऊन शेजारीच उभा होता. मी लहानूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे रे. मी माफ केलं तुला."

त्याने डोळे पुसले. मी आत जाऊन झेंडा फडकवला.