आबांचे कुलूप

मराठी कवितेत एम. ए. केलेल्या माझ्यासारख्या मुलीला मेनफ्रेमच्या डेटाबेसची देखभाल शिकवावी, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली हे मला अखेरपर्यंत कळले नाही. जळगावात एका डाळमिलच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरे. खाली यंत्रे सुरू झाली की पायांखालची फरशी मंद थरथरे, आणि खिडकीतून हरभऱ्याची पिठूळ, कोमट धूळ येऊन कीबोर्डवर सायीसारखी धरे. मेनफ्रेम हे अवाढव्य संगणकयंत्र मात्र कुठल्या तरी दूरच्या शहरात, थंड खोलीत उभे होते. आमच्या वाट्याला त्याचा काळा पडदा आणि हिरवी अक्षरे तेवढी येत. अवसेच्या रात्री ज्वारीत काजवे उतरावेत तशी ती दिसतात, असे मी सरांना एकदा सांगितले.

"काजवे राहू दे," सर म्हणाले. "स्टेटस वाच."

शेवटच्या प्रात्यक्षिकात पास झाले, तर हा वर्ग चालवणाऱ्या कंपनीच्या धुळ्याच्या कार्यालयात नोकरी मिळणार होती. नापास झाले, तर त्याच धुळ्यात मामांच्या साडीच्या दुकानात, गिऱ्हाईक उठून गेल्यावर उरलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या होत्या. "तुझ्या बोटांना वळण आहे," असे मामा फोनवर कौतुकाने म्हणत, आणि माझी बोटे गार पडत.

प्रात्यक्षिक साधे होते. दुपारचा एक तास मी व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसायचे. बाकीच्यांनी एकाच टेबलमध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, आपापले बदल करायचे. त्यात खोटे ग्राहक आणि त्यांची खरी गावे भरलेली होती. कोणाचे काम अडले, तर अडवणारा शोधून वाट मोकळी करायची. तास संपताना एकाचेही काम अडकलेले असेल, तर मी नापास. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "बदल करणाऱ्याच्या हाती कुलूप असतं. तो 'कमिट', म्हणजे बदल पक्का, म्हणेपर्यंत बाकीचे दाराबाहेर."

आमच्यात आबा होते. शिंदखेड्याचे, सूतगिरणीच्या पगार विभागातून निवृत्त झालेले, वर्गात सर्वांत वडील. सरसुद्धा त्यांना "आबा" म्हणत. त्यांच्याआधी आम्ही कोणी डबा उघडत नसू. त्या दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवून आबा जागेवर आले, एका बोटाने एक आज्ञा लिहिली, आणि 'कमिट' न करताच खुर्चीत मान टाकून झोपले. एका ग्राहकाचे गाव बदलून शिंदखेडा करायचे होते. कोणत्या ग्राहकाचे, हे सांगायचे ते विसरले. त्यामुळे रावेरपासून पाचोऱ्यापर्यंत अवघा खानदेश शिंदखेड्याला राहायला आला, आणि साऱ्या टेबलला कुलूप लागले.

एकेकाचा पडदा गोठत गेला. माझ्या शेजारच्या भाभीने हात वर केला. दाणाबाजारातल्या मारवाडी घरची ही सून. घरातल्या चार जावा सांभाळून इथे येई, त्यामुळे तिला यंत्राची भीती नव्हती.

"व्यवस्थापक बाई, माझं अडलंय."

मी आज्ञा दिली. कुलूप कोणाकडे आहे ते पडद्यावर लख्ख उमटले.

"आबांकडे आहे," मी कुजबुजले.

"मग करा की कॅन्सल."

"झोपलेत ते."

"तुम्हाला त्यांचं काम बंद करायचंय. त्यांना नाही."

पण हात उठेना. जेवून झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला उठवू नये, एवढे संस्कार होते. त्याने केलेले काम त्याच्या झोपेत पुसून टाकणे तर चोरीसारखे वाटत होते. मी आबांच्या पडद्यावर आधी निरोप पाठवायचे ठरवले. रोमन अक्षरांत लिहिले: 'तीर्थस्वरूप आबांच्या चरणी बालिकेचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष की'. एवढ्यात निरोपाची जागा संपली. मजकूर पुढेच राहिला. मी तो तसाच पाठवला. आबांच्या पडद्यावर नमस्कार चमकत राहिला, आणि आबा संथ लयीत घोरत राहिले.

"सुंदर पत्र आहे," भाभी म्हणाली. "आता तिकीट लावा."

सरांनी मनगटावरचे घड्याळ सोडून हातात धरले. डोळ्यांपुढे साड्यांचा ढीग उभा राहिला, नव्या कापडाच्या खळीचा वास नाकात शिरला. मी उठले, आबांच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"सुखी ऱ्हाय, बेटा," आबा डोळे न उघडता म्हणाले.

हा आशीर्वाद म्हणजेच परवानगी, असे मी ठरवून टाकले. जागेवर येऊन कॅन्सलची आज्ञा दिली.

वाटले होते, कुलूप खट्कन उघडेल. पण मेनफ्रेम अर्धवट काम तसेच टाकून देत नाही. केलेला प्रत्येक बदल ते परत उलटा करत नेते. खानदेश आता एकेक माणूस करून आपापल्या गावी परतत होता. दूध उतू जायची वाट पाहावी तसे आम्ही सगळे पडद्यात डोळे घालून बसलो.

"पाचोऱ्याची गाडी आज लेट दिसते," भाभी म्हणाली.

अखेर कुलूप सुटले. वर्गभर बोटे कीबोर्डवर तुटून पडली आणि खालच्या गिरणीचा आवाज त्यांत बुडून गेला. भाभीने शेवटचे 'कमिट' केले तेव्हा सर घड्याळ हातात धरून उभेच होते.

"पास," ते म्हणाले. "पण आपले ग्राहक परदेशात असतात. प्रत्येकाच्या पाया पडायला जाशील, तर पासपोर्ट लागेल."

तेवढ्यात आबा जागे झाले. "मनं काम कोठे गयं?"

"मी रद्द केलं, आबा."

त्यांनी पडद्यावरचा माझा नमस्कार सावकाश वाचला. "विनंती काय शे, ते नही लिखं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत नव्याने आज्ञा लिहू लागले. या खेपेला भाभी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

संध्याकाळी मामांना फोन केला. पास झाले, म्हटले. कशात, असे त्यांनी विचारले. वडीलधारी माणसे दुपारी झोपली असता त्यांनी केलेले काम रद्द करण्यात, हे मी शक्य तितक्या आदराने समजावून सांगितले.

मामा रोज दुपारी दुकानाच्या गादीवर तासभर आडवे होतात.

"मग तू ऑफिसातच बरी," ते म्हणाले.