चिमा आणि ‘टेक’चे एकवीस अर्थ

चिमाच्या उजव्या हाताची दोन बोटं आप्पाने मोडली ती सन एकोणतीसच्या माघात, वरवंट्याने. मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे तुळशीला पाणी घालत होते. आवाज आला तेव्हा वाटलं, सुका नारळ फोडतायत. मग चिमा ओरडली.

चिमा आप्पाची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती रत्नागिरीत भावाकडे परत आली. विहिरीचं पाणी, गोठा, भावजयीची बाळंतपणं, सगळं तिच्याच अंगावर. भावजय कमळा तिसऱ्या खेपेला अडली, तेव्हा चिमा धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली आणि त्यांच्या हाताखाली उभी राहिली. बाळ सुटल्यावर बाई तिला म्हणाल्या, “तुझा हात चांगला आहे. मुंबईला जाऊन नर्स हो. मी अर्ज पाठवते. इंग्रजी मात्र यायला हवं.”

इंग्रजी शिकवणार कोण? आप्पाच. कचेरीत कारकून, इंग्रजी पाच इयत्ता झालेला. चिमाने कारण सांगितलं नाही, नुसतं “मलाही शिकव” म्हणाली. आप्पाला गंमत वाटली. त्याने एकच अट घातली. चुकलीस की छडी.

शिकवायला घेतलं ते एकच क्रियापद, ‘टेक’. आप्पाच्या कोशात त्याचे एकवीस अर्थ होते. रोज दिवेलागणीला हा तमाशा ओटीवर चाले आणि आमच्या पडवीत शब्दन् शब्द ऐकू येई.

“टेक मेडिसिन?”

“औषध घेणे.”

“टेक टाइम?”

“वेळ घेणे.”

सप्प! “वेळ लागणे! घेणे, घेणे काय चालवलंयस म्हशीसारखं? पुढचा शब्द बघ आधी. टेक ऑफ?”

“वर... वर घेणे?”

सप्प! “काढणे! अंगातला सदरा काढणे! टेक आफ्टर?”

“मागून घेणे.”

सप्प! “एखाद्यावर जाणे. म्हणजे तू आईवर गेलीस, तशीच ठोंबी.”

“मग तू कोणावर गेलास रे दादा?”

त्या दिवशी छडी मोडली. मोडल्यावर त्याने लाथा घातल्या. कमळा आत भात ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी चिमा गडग्यापाशी आली, तळहातांवर वळ उठलेले. “काकी, तेरा अर्थ आले.” मी खोबरेल लावलं आणि म्हटलं, “अगो, सोड हा नाद. मरशील एखाद दिवशी.” ती म्हणाली, “मार तसाही बसतोच. ह्यात निदान काहीतरी पदरात पडतं.”

चार महिन्यांत तिचे एकवीसच्या एकवीस अर्थ झाले. आप्पाला मारायला कारण उरेना, तर तो ‘गेट’ हे दुसरं क्रियापद घेऊन बसला.

मग माघात मुंबईचं पत्र आलं, फाल्गुनात परीक्षेला या म्हणून. आप्पाने ते फोडलं, वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तिचा हात पाट्यावर दाबला. “नर्स होणार? परक्या पुरुषांची घाण उपसणार? कुठल्या हाताने? ह्या?” वरवंटा दोनदा पडला.

आळी जमली. हाताला हळदीचं फडकं गुंडाळून चिमा पायरीवर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “दादा, देवीला कौल लाव. ती नाही म्हणाली, तर जन्मभर तुझ्या चुलीपुढे बसेन.”

आता नाही कसं म्हणणार? आमच्या वाडीत लग्न असो की वाटणी, देवीचा कौल लागतो. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना दोन ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मंगळवारी सकाळी आप्पा नारळ आणि पायलीभर तांदूळ घेऊन रामा गुरवाच्या घरी जाताना मी पाहिला. देवळात रामाने उजवी कळी दाबून चिकटवली, डावी नुसती टेकवली. तेही पाहिलं. बायकांच्या रांगेत उभी राहून मी देवीचं नाव घेत होते, दुसरं काय करणार?

रामाने सुरुवात केली, “बाय माझे, ह्या तुझ्या लेकराला मुंबईस जायचं आहे...”

“जायचं नावच काढू नकोस तिच्यापुढे!” आप्पा पेटला. “विचार, ही माझ्या घरात राहू दे का? राहू दे तर उजवी दे!”

रामाचा चेहरा उतरला. “आप्पानू, तसा नको. माझ्या परीनं विचारतंय.”

“मी सांगतो तेच विचार, हरामखोरा!”

रामाने तेच विचारलं. जमलेले म्हणाले, “होय महाराजा.”

डावी कळी घसरली आणि पडली.

आप्पाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने रामाच्या कानशिलात लगावली आणि त्याचं डोकं घंटेच्या खांबावर आपटलं. रक्त पायरीपर्यंत आलं. मग चिमाची मान धरली. चौघांनी ओढून सोडवली तेव्हा तिची भुवई फुटली होती. रामा खाली बसून डोकं धरून एवढंच म्हणाला, “देवीनं नको म्हटलेली बाय घरात ठेवशाल, तर वाडीत तुमचा पाणी बंद.” कळ्या रामाने कशा लावल्या ते मी पाहिलं होतं. पण आप्पाच्या तोंडून ते शब्द कोणी काढले? मी देवीला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी बंदरावर तिला पोचवायला मी एकटीच. आप्पा कोयता घेऊन मागोमाग आला, तिच्यावर धावला. आगबोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या पडावावरच्या नझीरने वल्हं आडवं घातलं. कोयता त्यात रुतला. नझीरने वल्ह्याचं टोक आप्पाच्या छातीत मारलं आणि तो वाळूत उताणा पडला.

“बसा ताई,” नझीर म्हणाला. “कोण हा?”

“भाऊ.”

त्याने पडाव लोटला.

परीक्षा तिने डाव्या हाताने लिहिली आणि तिला घेतलं. आप्पाच्या घरी चार वर्षं कोणी तिचं नाव काढलं नाही. गेल्या दिवाळीत कमळा गडग्याशी आली. गालावर ताजा वळ होता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “काकी, वन्संचा पत्ता आहे का हो?”

मी वहीचं पान फाडून लिहून दिला.