घंटेला बांधलेली चिंधी

तिसरा तास नुकताच सुरू झाला होता. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होते, तेवढ्यात शिपाईमामा दारात आले आणि म्हणाले, ‘बाई, घरून फोन आहे, तुम्ही खालीच या.’ अमोल गेला होता. माझा धाकटा भाऊ, वय पस्तीस, लहान शहरांना जोडणाऱ्या छोट्या विमानांचा पायलट. परगावी हॉटेलच्या खोलीत झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. पहाटे न्यायला आलेली गाडी खाली हॉर्न वाजवत राहिली, आणि हा उठलाच नाही... संध्याकाळी कंपनीचा शोकसंदेश आला. गुळगुळीत इंग्रजीत लिहिलं होतं की आमचे सहकारी विश्रांतीच्या काळात निधन पावले. दीड महिना झाला, तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. विश्रांती! ज्या माणसाला आम्ही गेल्या कित्येक वर्षांत मनसोक्त झोपलेला पाहिला नाही, त्याच्या नावापुढे यांनी हा शब्द लावावा?

लहानपणी मात्र त्याच्यासारखा झोपाळू अख्ख्या सायखेड्यात नव्हता. ओझरचा विमान कारखाना आणि धावपट्टी जवळच, त्यामुळे लढाऊ विमानं डोक्यावरून अशी जायची की फडताळातली भांडी थरथरायची. आई कांदे खुरपायला जाताना याला बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तिच्यात टाकायची. वरून विमान गेलं की बाकीची पोरं भोकाड पसरायची, हा कूस बदलून पुन्हा गाढ. ‘हे पोरगं इमानातबी झोपंल,’ असं आई म्हणायची. पोरगं विमान चालवायला लागलं तेव्हा गावाने शाल-नारळ दिला, उघड्या जीपमधून मिरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी देणगीची पावतीपुस्तकं घेऊन मंडळं दारात हजर झाली. पायलट म्हणजे पैशांचं झाड, ही सगळ्यांची खात्री. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. आई त्या गर्दीत नुसती हसत उभी होती.

झाड कसलं! त्याला पैसे मिळायचे ते विमान हलल्यापासून थांबेपर्यंतच्या तासांचे. धुक्याने धावपट्टी बंद, म्हणून अख्खी सकाळ गणवेशात विमानतळावर बसून काढली, तर ते बसणं फुकट. प्रवाशांच्या शिव्या खाणं फुकट. दिवसातून चार-पाच वेळा वर जायचं, खाली यायचं, आणि पल्ला छोटा म्हणून तास भरायचे चिमूटभर. मोठ्या विमानाचा पायलट एका उड्डाणात जे कमावतो, त्यासाठी याची दिवसभर उठबस. ‘ताई, मी रिक्षावालाच आहे गं,’ तो हसत म्हणायचा, ‘फक्त त्याचं मीटर सिग्नलला चालू राहतं, माझं बंद पडतं.’ नोकरी सोडावी तर शिक्षणाचं कर्ज आणि कंपनीला लिहून दिलेला करार, दोन्ही मानगुटीवर.

आणि ती विश्रांती! उतरून कामाची सही केली की ती कागदावर सुरू व्हायची. हॉटेलपर्यंतचा रस्ता, जेवण, आंघोळ, पहाटे पुन्हा विमानतळाचा रस्ता, सगळं तिच्यातच धरलेलं. आज पहाटेची ड्युटी, परवा रात्रीची, मग पुन्हा पहाटेची; शरीराने झोपायचं तरी केव्हा? एका भाऊबीजेला मी ओवाळत असताना पाटावर बसल्या बसल्या याची मान कलंडली आणि डोक्यावरची टोपी तबकात पडली. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, आणि हसता हसता पुन्हा पेंगला.

वडील गेल्यावर आई गाव सोडून शहरात माझ्याकडे राहायला आली होती. सुट्टी मिळाली की रात्रभरचा प्रवास करून तो गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर यायचा आणि सकाळी आडवा व्हायचा. आईची पूजा नेमकी त्याच वेळची. घंटी वाजली की हा ताडकन उठून बसायचा आणि पलंगाखाली बूट चाचपायला लागायचा. डोळे मिटलेले, हात बुटांच्या शोधात... लढाऊ विमानांना न जुमानणारा माझा भाऊ देवाच्या घंटीने दचकत होता. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा आईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, घंटेच्या लोलकाला गुंडाळली आणि वरून दोरा घट्ट बांधला. मी म्हटलं, ‘अगं, पूजेची घंटी ती!’ तर म्हणाली, ‘देवाला काय कमी ऐकू येतं का? पोराला झोपू दे माझ्या.’ तो दोरा मग सुटलाच नाही. अमोल कधी येऊन टपकेल हे त्याच्या कंपनीलाही आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नसायचं, तर आम्हाला कुठून असणार?

गेल्या हिवाळ्यात एकदाच तो ‘नाही’ म्हणाला. दिवसभराच्या फेऱ्यांनंतर आणखी एक फेरी गळ्यात मारली, तेव्हा त्याने सांगितलं की मी थकलोय, या अवस्थेत विमान उडवणार नाही. असं सांगण्याचा त्याला हक्क होता. हक्क कसला, कर्तव्यच होतं ते! प्रवाशांनी मोबाईल काढले, त्याच्या तोंडावर आरडाओरडा केला, आणि तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर आला: ‘पायलटसाहेबांना झोप आली’, पुढे हसणारे चेहरे. आपला जीव ज्याच्या हातात आहे तो माणूस खरं बोलतोय, आणि लोक हसतायत. कंपनीने तर त्याला बोलावून विचारलं, ‘बाकीच्यांना झोप येत नाही, तुम्हालाच कशी येते?’ हे मला सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, ‘जाऊ दे ताई, पुन्हा नाही सांगायचं.’ आणि खरंच, त्याने पुन्हा कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर कंपनीचे दोन साहेब घरी आले. फुलांची परडी आणली होती. थोरले साहेब मृदू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, आम्हालाही फार वाईट वाटतंय. पण ते ड्युटीवर नव्हते, रेस्टवर होते. त्यामुळे याचा कामाशी संबंध जोडता येणार नाही.’ माझ्या तोंडात शिवी आली होती, खोटं कशाला बोलू? त्याआधी आई उठली. देवघरातून घंटी आणून तिने त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘वाजवा.’ ते गोंधळले. त्यांनी हलवून पाहिली, चिंधीची नुसती धपधप झाली. ‘वाजत नाही ही,’ ते म्हणाले.

‘वाजणार नाय,’ आई म्हणाली. ‘माझं पोरगं झोपावं म्हनून मी देवाला गप बसवलं. तुमचा फोन कुनी गप बसवला नाय. लय वाजला तो. जेवताना वाजला, झोपेत वाजला. आन् आता मला सांगता, रेस्टवर व्हता?’

साहेबांनी घंटी हळूच टीपॉयवर ठेवली. ‘वर कळवतो’ म्हणाले आणि चहा तसाच टाकून गेले. वर नक्की कोण बसतं कोण जाणे, खाली अजून काही आलेलं नाही. मी दोनदा लिहिलंय. मागणी एवढीच, की तो कामाने गेला असं एक वाक्य लिहून द्या. काही नातेवाईक समजावतात, आता काय उपयोग, माणूस परत येणार आहे का? नाही येणार. पण त्याच्यासारखी कितीतरी पोरं आज कुठल्या तरी हॉटेलात गजर लावून पडली असतील, आणि त्यांच्याही कागदावर विश्रांतीच लिहिलेली असेल.

परवा देवघर आवरताना मला राहवलं नाही. म्हटलं, पुरे झाली ही मुकी पूजा, आणि दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. आईने माझा हात धरला. ‘ऱ्हाऊ दे. कामानं गेला असं ते लिहून देतील, त्या दिशी मीच सोडीन. तवर नाय.’ मग तिने निरांजन लावलं, घंटी उचलली आणि हलवली. धप... धप... एवढाच आवाज. तरी सवयीने आम्ही दोघींनी एकदमच त्याच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.