‘अनोळखी स्त्री’ म्हणे!

गेल्या सोमवारी रिसोडला जाऊन आले. तेव्हापासून डोकं तापलेलंच आहे आणि आज सकाळच्या ईमेलने तर पार सणकलं... म्हणून इथे लिहूनच टाकते.

मी वाशिमची. स्वातंत्र्याआधीच्या सिनेमात काम केलेल्या आपल्या भागातल्या नट्यांचा शोध घेतेय. किती सापडल्या विचाराल तर एक! आणि तीसुद्धा बिननावाची.

एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात एका नटाच्या सामानाची आख्खी पेटी जपून ठेवलीये. पत्रं, चष्मे, पगडी... आणि एका सिनेमातला फोटो. नट घोड्यावर बसलाय आणि शेजारी एक बाई लगाम धरून उभी आहे. खालच्या नोंदीत नटाचं नाव आहे, घोड्याचंसुद्धा नाव आहे! आणि बाई? ‘अनोळखी स्त्री’.

अहो, त्याच पेटीत त्याच सिनेमाची जाहिरात आहे आणि तिच्यावर चक्क छापलंय, ‘मिस गिरिजा, रिसोड’. तिथल्या साहेबांना दाखवलं, तर म्हणे, ती हीच कशावरून? पुरावा आणा.

बरं. आणते की!

रिसोडला विचारत विचारत गिरिजाची भाची सापडली, शांतामावशी. नव्वदीच्या आहेत, पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी आपल्या ट्रंकेतून घरच्या सगळ्यांचा एक जुना फोटो काढला. त्यात पाच वर्षांची शांता आणि तिच्या मागे आत्या... पण आत्याला चेहराच नाही! सिनेमात गेली म्हणून तिच्या वडिलांनी तो ब्लेडने खरवडून टाकलेला. पोटच्या पोरीचा चेहरा हो! हात कसा धजावला?

“मले तिचं तोंडच आठवत नाई, बाई,” मावशी म्हणाल्या. “मरायच्या आदी एकडाव पाह्यलं असतं...”

मी मोबाईलवर संग्रहालयातला तो घोड्याचा फोटो उघडून दिला. पण मावशी चेहऱ्याकडे बघेचनात. “हात दाखव तिचा,” म्हणाल्या.

मोठा करून दाखवला. लगाम धरलेल्या हातावर गोंदलेला विंचू होता, त्याची नांगी एका बाजूला वाकडी. पोहरादेवीच्या जत्रेत गोंदताना आत्याने हात ओढला आणि ती वाकडी झाली, त्यावरून घरात सगळे तिला चिडवायचे म्हणे. मग आम्ही घरचा फोटो भिंगाखाली धरला. शांताच्या खांद्यावर ठेवलेल्या हातावर तोच विंचू, तीच वाकडी नांगी! ब्लेड चेहऱ्यावर फिरलं, हाताकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

तेव्हा कुठे मावशींनी चेहरा पाहिला. बराच वेळ पाहत राहिल्या. “मायासारखंच नाक हाय वो तिचं,” स्वतःच्या नाकाला हात लावत म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले, लाज कसली...

दोन्ही फोटो त्याच दिवशी संग्रहालयाला पाठवले. आज उत्तर आलं: समिती बसेल, नोंद बदलायची की नाही ते मग ठरेल. बसा बाबा, सावकाश बसा! मावशी नव्वदीच्याच तर आहेत, त्यांना कसली घाई?

तोवर मीच नोंद करून ठेवते. लगाम धरलेली ती बाई म्हणजे रिसोडची गिरिजा, शांताची आत्या. शांतामावशी, तुम्ही हात ओळखलात, तुमचे उपकार कसे फेडू...

आणि घोड्याचं नाव? ते मी सांगणार नाही.