गाठोड्यासकट फाटकातून

मुरबाडला रेल्वे नाही. माझं लहानपण एसटीत आणि जीपमध्ये गेलं. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन एका ठेकेदाराकडे लागले आणि पहिलंच काम मिळालं ते मोठ्या स्टेशनावर तिकिटाची फाटकं बसवायचं. तिकीट दाखवलं की काचेची दोन पाखं उघडतात, माणूस गेला की मिटतात.

गर्दी थांबवता येत नसे. अर्ध्या रस्त्याला पत्रे लावायचे, फरशी कापायची, वायरी टाकायच्या, मग उरलेला अर्धा. लोक येता-जाता बोलत. आम्ही मान खाली घालून काम उरकायचो.

चाचणीच्या सकाळी एक म्हातारी आली. पाठीवर पळसाच्या पानांचं भलंमोठं गाठोडं. फुलबाजारात ही पानं पुड्या बांधायला लागतात. तिनं तिकीट दाखवलं, पाखं उघडली, ती आत गेली आणि पाखं गाठोड्यावर मिटली. गाठ सुटून पानांच्या गड्ड्या फरशीवर पसरल्या. मागची माणसं ओरडायला लागली.

म्हातारीनं तिकीट उंच धरलं. "तिकीट हाय माजं. आमी चोर नाय."

मी धावत जाऊन पाखं हातानं उघडली आणि पानं गोळा करायला बसले. "मावशी, तुमची चूक नाय. तुमच्या मागून अजून कोन तरी घुसतंय, असं वाटलं या फाटकाला."

आपली बोली ऐकून तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "माज्या मागं कोन नाय गो. एकलीच हाय मी." मग विचारलं, "कुटली तू?"

"मुरबाडची."

"मी सापगावच्या पल्याड."

आमचे इंजिनिअर पलीकडून बघत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग जरा संकोचून मला म्हणाले, "आजींना विचार, अजून एकदोनदा जातील का यातून? ओझ्याची माणसं रोज येणार. आत्ताच जमवायला हवं."

बाजाराला उशीर होणार होता. तरी ती उठली. पुन्हा गाठ बांधून मी गाठोडं तिच्या पाठीवर दिलं. कडेला सामानवाल्यांसाठी एक रुंद फाटक होतं; त्याची सेटिंग बदलत आम्ही तिला हळूहळू चालायला लावलं. पहिल्या वेळी पाखं परत मिटली, पण मी मध्ये हात धरला होता. ती दचकली, थांबली, आणि स्वतःच मागं येऊन म्हणाली, "बरं, परत बगू." पुढच्या खेपेला गाठोडं सुखरूप पार झालं. तिनं वळून पाहिलं, हसली, आणि बाजाराकडं निघून गेली.

रुंद फाटक त्याच सेटिंगवर सुरू झालं.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामाला जाताना मी तिथून चालले होते. ती रुंद फाटकाशी उभी होती. मागून एक जण घाईनं तिला खेटला. ती शांतपणे म्हणाली, "दम धर रे. एकेकालाच सोडतं ह्ये फाटक." मग तिकीट दाखवून, कुठं न बघता, सरळ चालत गेली. मी हाक मारली नाही. तिला बाजार गाठायचा होता.