स्मरणार्थच्या खालची पंचवीस अक्षरं

आमच्या चर्चमध्ये नुसती वस्तू अशी एकही नाही. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी स्मरणार्थ आहे. बाकांच्या पाठीवर नावं आहेत, घड्याळाच्या काचेवर नाव आहे, पाण्याच्या पिंपावर आहे. पंख्यांची तर तिन्ही पाती कामाला लावली आहेत. एकावर 'ख्रिस्तवासी', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरत असला की कुणाचीच आठवण वाचता येत नाही आणि लाईट गेली की घाम पुसत सगळ्यांची वाचावी लागते. बेलापूरच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांत आमचं गाव आहे आणि लाईट वरचेवर जाते. त्यामुळे पूर्वज विस्मरणात जाण्याची भीती नाही.

चर्चमधला कॉम्प्युटरही अर्थातच स्मरणार्थ होता. पंच कमिटीच्या चिटणीसांनी तो आपल्या वडिलांच्या नावे अर्पण केला होता. त्याला प्रोजेक्टर जोडायचा, वेदीशेजारच्या पडद्यावर गीतांचे शब्द टाकायचे आणि कडवं संपलं की पुढचं आणायचं, हे काम माझ्याकडे. मी गावच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. गणित येतं म्हणजे कॉम्प्युटर येतोच, अशी मंडळींची समजूत होती आणि मी ती कधी मोडली नाही.

एका शनिवारी कॉम्प्युटर सुरूच होईना. श्रीरामपूरच्या एका दुकानदाराकडे नेला. त्याने उघडून पाहिला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"सर, डिस्क गेली. नवी टाकतो. सिस्टिम बी परत टाकून देतो."

"आणि तिचं लायसन्स?"

"त्याचं काय एवढं? चालतंय की. कोपऱ्यात एक ओळ येती बारीक. तिकडं बघायचं न्हाई."

मी बघितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता आणि त्या दिवशी आमच्याकडे बायबलातल्या दहा आज्ञा सगळे मिळून म्हणतात. मी एकेक आज्ञा पडद्यावर आणत होतो. चोरीबद्दलची आज्ञा आली आणि तिच्या बरोबर खाली, उजव्या कोपऱ्यात, करड्या इंग्रजी अक्षरांत ती ओळ दिसली. ही सिस्टिम अधिकृत करून घ्या, असं ती सांगत होती. कॉम्प्युटरवर बोटभर दिसणारी ओळ पडद्यावर चांगली सहा फूट लांब झाली होती. पुढच्या बाकावरच्या एका कॉलेजच्या मुलीने ती शेजारणीला वाचून दाखवली. शेजारणीने मागच्या बाकावर पोचवली. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं होतं की चर्चमध्ये चोरीचा माल आहे.

संध्याकाळी पंच कमिटी बसली. पाळकसाहेब, चिटणीस आणि आणखी तिघे. मला आमंत्रित म्हणून बोलावलं होतं, म्हणजे चहा मिळणार होता आणि मत मिळणार नव्हतं. या पाचांपैकी एकाच्याही घरच्या मोबाईलमध्ये विकत घेतलेला सिनेमा नसेल. पण चर्चची गोष्ट वेगळी. लायसन्स अधिकृत होईपर्यंत पडदा बंद, असा ठराव एकमताने झाला. तोवर सर्वांनी गीतांची पुस्तकं आणावीत.

मला फार वाईट वाटलं असं नाही. चार रविवार बटणं दाबायला लागणार नाहीत, एवढंच मनात आलं. पण सोमवारी सकाळी सिस्टरबाई दारात उभ्या. या आमच्या गावच्या जुन्या नर्स. सिस्टर ही त्यांची नोकरी आणि बाई हा गावाने दिलेला मान. वय ऐंशीच्या पुढे. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्माला आलंय आणि बरंचसं त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यांचा मुलगा त्यांना कायमचा पुण्याला न्यायला येणार होता.

"सर, ह्यो रविवार सोडून पुढचा. त्यो माझा शेवटचा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पडदा पायजे."

"कमिटीने बंद केलाय, सिस्टरबाई."

"कमिटीचं मला नका सांगू. पडदा पायजे म्हंजे पायजे. मी काय दुसरं मागितलंय का कधी?"

नव्हतं मागितलं. साठ वर्षांत त्यांनी चर्चकडे काही मागितल्याचं मला आठवेना. पुस्तकातली बारीक अक्षरं या वयात कुठून दिसणार, मोठी अक्षरं बघून शेवटचं एकदा गावंसं वाटत असेल, असं मनात येऊन मला भरून आलं. मी शब्द दिला आणि दुकानदाराला फोन लावला.

"सोपं हाय सर. कंपनीचा सीपीयू हाय ना? त्याच्या बाजूला चकचकीत स्टिकर असतोय. त्याच्यावर पंचवीस अक्षरं. ती टाका, झालं काम."

मी चर्चमध्ये जाऊन सीपीयू सगळीकडून पाहिला. स्टिकर नव्हता. एका बाजूला जाळी होती आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटने चिटणीसांच्या वडिलांचं नाव. ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरने काढलेलं, सावलीसकट. नावावरून बोट फिरवलं तर मधोमध एक चौकोनी उंचवटा लागला. पेंटर प्रामाणिक माणूस. सगळ्यात गुळगुळीत जागा बघून त्याने तिथेच नाव बसवलं होतं.

चिटणीसांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठलेच.

"म्हंजे माझ्या वडलांचं नाव खरवडायचं?"

"दुसऱ्या बाजूला परत रंगवू की."

"तिकडं जाळी हाय. जाळीवर बापाचं नाव लिहितेत व्हय कुठं?"

कमिटी पुन्हा बसली. आता प्रश्न नुसता लायसन्सचा राहिला नव्हता, धर्मशास्त्राचा झाला होता. एका आज्ञेप्रमाणे चोरी चालत नाही आणि दुसरीप्रमाणे बापाचा मान राखावा लागतो. मान राखला तर चोरी तशीच राहते, आणि चोरी मिटवायची तर बाप खरवडावा लागतो. एका पंचाने सुचवलं, आज्ञांचा जो क्रमांक आधी तिचा मान आधी. त्या हिशेबाने चिटणीस जिंकत होते. दुसऱ्याने विचारलं, बाप वारल्यावरही ती आज्ञा लागू असते काय? यावर चिटणीस असे काही बघू लागले की त्याने प्रश्न मागे घेतला. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी वेळ मागितला. शेवटी विषयाचा अभ्यास करायला एक उपसमिती नेमली. उपसमितीत तेच पाच जण होते. मी चिडून म्हणालो, तुमच्या अभ्यासापेक्षा माझी नववी ढ तुकडी लवकर पास व्हायची. माझं वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही.

मधला रविवार पुस्तकांवर गेला. मी रिकामा मागच्या बाकावर बसलो होतो. सगळे पुस्तकात डोकं घालून उभे होते. सिस्टरबाई पुढच्या बाकावर होत्या, पण त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. ते मला फार लागलं.

मंगळवारी उपसमिती बसली होती तिथे त्या स्वतःच काठी टेकत आल्या. सगळे उठून उभे राहिले. त्या काही बसल्या नाहीत. चिटणीसांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. चिटणीसांनाही जगात सिस्टरबाईंनीच आणलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"का रं, तुझ्या बापाला शेवटचे दोन म्हयने पानी कुनी पाजलं?"

"तुमी, सिस्टरबाई."

"आन तू कुठं हुतास?"

चिटणीस त्या वेळी साखर कारखान्यात होते, सीझन चालू होता आणि सुट्टी मिळत नव्हती. हे कारण ते इतकी वर्षं सगळ्यांना देत आले होते. त्या दिवशी त्यांनी ते दिलं नाही.

"त्यो त्या डब्यावर न्हाई, बाबा. उगं रंगाला धरून बसू नकु," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. उपसमितीचा अभ्यास तिथेच पूर्ण झाला.

खरवडायचं काम चिटणीसांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली. मग चिटणीस जमिनीवर मांडी घालून बसले, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि वडिलांचं नाव हळूहळू पुसू लागले. त्यांचे डोळे थिनरने चुरचुरत होते असं ते म्हणाले. आधी आडनाव गेलं, मग नाव, आणि खालून स्टिकर वर आला. पंचवीसपैकी चोवीस अक्षरं धड होती आणि एक अर्धं पुसलेलं. त्याच्या तीन शक्यता निघाल्या आणि तिसरी लागू पडली. गणित शेवटी उपयोगी पडलं, हे मी तिथल्या तिथे दोनदा सांगितलं.

पण कॉम्प्युटर कुठला ऐकतोय? ही अक्षरं आधीच वापरलेली आहेत, फोन करा, असं त्याने कळवलं. वापरलेली असणारच, आम्हीच वापरली होती. आपल्याच घरात शिरताना आपणच कोण ते सांगायचं, असला हा प्रकार. पडद्यावर आकड्यांचे नऊ गट आले, प्रत्येकात सात. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त घंटेच्या खांबाखाली मिळते. म्हणून मी आकडे वहीत उतरवले, पाळकसाहेब ते मोठ्याने वाचू लागले आणि मी खांबाला टेकून फोनवर दाबत होतो. पाळकसाहेबांना साधं वाचता येत नाही. प्रत्येक गटानंतर ते मंडळींनी पान उघडावं म्हणून थांबतात तसे थांबत. दोनदा वेळ संपून फोन कटला.

तिसऱ्या वेळी सगळे त्रेसष्ट आकडे गेले आणि फोनमधल्या यंत्राने विचारलं, ही प्रत किती कॉम्प्युटरवर बसवली आहे? मी एक दाबणार तेवढ्यात पाळकसाहेबांनी माझा हात धरला.

"सर, खरं सांगायचं. एकदा आधी बसवली, एकदा आत्ता. दोन झाल्या."

"अहो, कॉम्प्युटर एकच आहे!"

"पण आतली डिस्क नवी आहे. मग तोच कसा म्हणायचा?"

घंटेखाली उभं राहून मी तत्त्वज्ञानात हरलो. दोन दाबलं. यंत्राला संशय आला आणि त्याने आम्हाला माणसाकडे सोपवलं. पलीकडे एक मुलगी होती. मी तिला माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत डिस्क, दहा आज्ञा, वडिलांचं नाव, थिनर, सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "सर, मशीन तेच आहे ना?" तेच आहे म्हटल्यावर तिने सहासहाचे आठ गट सांगितले. ते टाकले आणि कोपऱ्यातली ओळ नाहीशी झाली. पाळकसाहेबांनी घंटा वाजवायला दोर हातात घेतला होता, तो मी सोडायला लावला.

रविवार आला. मी पहिल्या गीताची अक्षरं नेहमीपेक्षा दुप्पट मोठी केली. चर्च भरलं होतं. सिस्टरबाईंचा मुलगा गाडी घेऊन आला होता. पेटी सुरू झाली, सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि छतापर्यंत आवाज गेला. मी मोठ्या अभिमानाने सिस्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. पहिलं गीत, दुसरं, तिसरं, त्यांनी डोळे काही उघडले नाहीत. ज्या बाईसाठी मी दोन आठवडे जिवाचं रान केलं, ती पडद्याकडे बघतही नव्हती.

उपासना संपल्यावर मी गाडीपाशी गेलो आणि जरा टोचूनच म्हणालो, "सिस्टरबाई, अक्षरं अजून मोठी करायला हवी होती का?"

"मला कुठं दिसत्यात, सर? दोन वर्सं झाली, पडद्यावरचं बी न्हाई दिसत. आन गीतं तर पाठच हायेत."

"मग पडद्याचा एवढा हट्ट कशाला?"

"पुस्तक आसलं की समदे छातीकडं तोंड करून गातेत. नुस्ती पुटपुट येती कानावर. पडदा आसला की माना वर व्हत्यात." त्या हसल्या. "पुन्याला सातव्या मजल्यावर कोन गानार हाय माझ्यासंगं? म्हटलं, एकदा समद्यांचा आवाज ऐकून जावं."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"समद्यांचा आला. तुमचा तेवढा न्हाई आला, सर."

"मी मशीन सांभाळत होतो, सिस्टरबाई."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि मुलाचा हात धरून गाडीत बसल्या.